जळका दाणा आणि आपली वर्गणी



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती येतात, ओव्या येतात, अहवाल येतो. यंदा पंचविसावे वर्ष. म्हणून मी इतिहासावर लिहावयाचे मनात आणले. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. पुढे लग्न झाले, संसार झाला. पण वाचनालयाचे पुस्तक हातातून सुटले नाही. थोरली मुलगी कॉलेजात जाऊ लागल्यापासून तीही पुस्तके आणते आणि मी भाजी निवडत बसले की वाचून दाखवते. तेव्हा पुढे जे लिहिले आहे ते ऐकलेल्या-वाचलेल्यातून आणि स्वयंपाकघरात मिळालेल्या शहाणपणातून आले आहे असे समजावे.

शाळेत आपण इतिहास शिकलो तो राजांचा, गडांचा आणि लढायांचा. तो मला प्रियच आहे. परंतु एक प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात राहिला. लढाईला निघालेला माणूस सकाळी काय खाऊन निघत असेल? ते धान्य कुठून आले, कुणी पाखडले, कुणी दळले, पावसाळ्यात कसे टिकवले? राजाच्या नावाचा शिलालेख असतो, दानपत्र असते. दळणाऱ्या बाईच्या नावाने कुणी ताम्रपट लिहीत नाही. मग तिचा इतिहास शोधायचा कुठे?

तो मातीत शोधतात. त्या विद्येला पुरातत्त्व म्हणतात. आणि या शोधाचे मोठे काम आपल्या महाराष्ट्रातच झाले आहे, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसेल.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव म्हणून गाव आहे. गावाजवळ नदीकाठाला जुन्या वस्तीची टेकाडे आहेत. आपल्याकडे शेतजमिनीला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात. माणसे पिढ्यान्‌पिढ्या जेथे राहतात तेथे भिंती पडतात, राख पडते, शेण-माती पडते, आणि जमीन पांढुरकी होऊन उंच होत जाते. तशा पांढरीत पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. झेड. डी. अन्सारी आणि डॉ. म. के. ढवळीकर या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. एवढ्या वर्षांत सव्वाशेहून अधिक घरे उघडी झाली. सर्वांत खालची वस्ती इसवी सनापूर्वी सुमारे १६०० वर्षांची, आणि वरची सुमारे ७०० वर्षांची. म्हणजे शिवाजी महाराजांच्याच काय, सातवाहनांच्याही कितीतरी आधीची. या लोकांना लोखंड फारसे माहीत नव्हते. तांबे होते, दगडाची पाती होती, आणि लाल रंगावर काळ्या रेघा काढलेली सुरेख मडकी होती. संगमनेर तालुक्यातील जोर्वे या गावी १९५०-५१ साली अशी मडकी उत्खननात मिळाली, म्हणून या लोकांना जोर्वे संस्कृतीचे लोक म्हणतात.

आता आपला प्रश्न. तीन हजार वर्षांपूर्वीचे धान्य सापडेल कसे? आपल्या डब्यातले डाळीला एका पावसाळ्यात भुंगा लागतो! गंमत अशी आहे की चांगले धान्य टिकत नाही, जळलेले टिकते. चुलीत दाणा सांडला, भाजताना करपला, किंवा घराला आग लागून कणगी जळाली, की दाण्याचा कोळसा होतो. कोळशाला कीड लागत नाही, तो कुजत नाही. दाण्याचा आकार, त्यावरची रेघ, मोड फुटण्याची जागा, सारे जसेच्या तसे राहते. जी बाई करपलेल्या दाण्यांबद्दल त्या दिवशी हळहळली असेल, तिच्यामुळेच आज आपल्याला तिच्या घरचे जेवण कळते.

पण हे दाणे मातीत मिसळलेले, कोळशाच्या कणांएवढे. फावड्याने खणणाऱ्याला ते दिसणार नाहीत. त्यासाठी माती बारीक चाळणीने चाळावी लागते. दुसरी रीत पाण्याची. तांदूळ धुताना फोलपट आणि किडका दाणा कसा वर तरंगतो? तसेच माती पाण्यात कालवली की जळका दाणा हलका म्हणून वर येतो आणि माती खाली बसते. वर आलेले कापडावर निथळून सावलीत वाळवायचे आणि भिंगाखाली एकेक दाणा निवडायचा. अमेरिकेत स्टुअर्ट स्ट्रूव्हर नावाच्या संशोधकाने १९६८ साली या रीतीवर लेख लिहिला आणि ती जगभर पसरली. पाखडणे, धुणे, निवडणे ही आपली रोजची कामे आहेत. शास्त्रात तीच कामे मोलाची ठरली हे वाचून मला फार समाधान वाटले.

इनामगावच्या दाण्यांचा अभ्यास डेक्कन कॉलेजातील श्री. काजळे यांनी केला, हाडांचा श्री. थॉमस यांनी केला. त्यांतून काय कळले? तेथील मुख्य धान्य सातू होते. सातू म्हणजे जव; आज आपण तो सणावारी किंवा आजाऱ्यासाठी आठवतो. गहूही होता. डाळींत मसूर, कुळीथ, वाटाणा आणि लाख. रानातली बोरे होती. गुरे आणि शेळ्या-मेंढ्या पाळीत, मांस खात, हरणाची शिकार करीत, नदीचे मासे पकडीत. हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत. आणि काय नव्हते तेही सांगते. मिरची नव्हती, बटाटा नव्हता, टोमॅटो नव्हता, शेंगदाणा नव्हता. ही सारी पिके अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या काळापासून ती आपल्याकडे आली. म्हणजे ज्या ठेच्याशिवाय आपली भाकरी गिळत नाही, तो त्या बाईने कधी पाहिलाही नाही. तिचे कुळथाचे कढण मात्र आपल्याला ओळखीचे वाटले असते.

घरातील सोयही कळली. लिंपलेली जमीन, चूल, धान्याचे पेव, कणग्या ठेवण्यासाठी मातीचे गोल ओटे. भांड्याच्या बुडाखाली चार चपटे दगड ठेवीत, म्हणजे ओल लागत नाही. आपल्या आजीच्या कणगीखाली दगड असत ना? तीच युक्ती. या गोष्टींचा अर्थ लागावा म्हणून संशोधकांनी आजच्या खेड्यांतील घरे, अंगणे आणि कणग्याही पाहिल्या. गावाच्या मध्यावर एक पाच खोल्यांचे घर निघाले. त्याला लागून धान्याचे कोठार. इतरांची घरे एवढी मोठी नव्हती. यावरून ते गावच्या मुख्याचे घर असावे आणि गावचे धान्य तेथे गोळा होत असावे, असे संशोधकांनी अनुमान केले. नदीच्या पुराचे पाणी वळवण्यासाठी दगडमातीचा मोठा बांध आणि पाटही सापडला. तीन हजार वर्षांपूर्वी आपल्या या कोरड्या मुलखात पाणी अडवावे, धान्य साठवावे, हे शहाणपण होते.

तरीही दिवस फिरले. इसवी सनापूर्वी १००० च्या पुढे घरे लहान झाली. चौकोनी मोठ्या घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या. गहू कमी झाला, हरणाची हाडे वाढली. पाऊसमान घटले, शेती साधेना, म्हणून लोक शिकारीकडे आणि भटकण्याकडे वळले, असा अर्थ डॉ. ढवळीकरांनी लावला. शेवटी इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास गाव सुटले.

एक गोष्ट लिहिताना हात अडखळतो. या घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने निघाली. दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आत बाळ. शेजारी पाण्याचे, अन्नाचे भांडे. सापडलेल्या दफनांत बहुसंख्य मुलांचीच आहेत. डॉ. वाळिंबे आणि अमेरिकेचे डॉ. ल्यूकॅक्स यांनी या सांगाड्यांचा आणि दातांचा अभ्यास केला. पोटभर मिळाले नाही किंवा मोठे दुखणे आले, तर वाढत्या दातावर त्याची खूण राहते. आईने काय सोसले ते कुणी लिहून ठेवले नाही; बाळाच्या दाताने ते जपून ठेवले. राजांच्या इतिहासात हे पान सापडत नाही.

येथवर वाचून कुणी म्हणेल, छान झाले, पण वर्गणीचा यात काय संबंध? तो सांगण्यासाठीच मी लिहायला बसले.

माती खणायला मजूर लागतात हे सर्वांना दिसते. परंतु खणणे हा सुरुवातीचा भाग. खरा खर्च त्यानंतर. चाळणारी माणसे, दाणे निवडणारी माणसे, हाडे ओळखणारा, दात तपासणारा, चित्रे काढणारा. दाण्याचे किंवा कोळशाचे वय काढायची वेगळी प्रयोगशाळा लागते. ही वय काढायची रीत अमेरिकेचे लिबी यांनी १९४९ च्या सुमारास शोधली, त्यांना १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आणि आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तशी प्रयोगशाळा झाली. इनामगावचे खणणे १९८३ साली थांबले, आणि मोठा अहवाल १९८८ साली छापून निघाला. मधली पाच वर्षे निवडण्याची, मोजण्याची आणि लिहिण्याची. लग्नाचा मांडव सर्वांना दिसतो, आधी महिनाभर बसून निवडलेले धान्य दिसत नाही, तसेच हे.

दिसत नाही त्याला पैसा मिळणे कठीण. श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे १९७४ साली झाडाचे मूळ खणताना काशाचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. साठ किलोंहून अधिक वजन. त्यांची चित्रे आजही पुस्तकांत छापतात, आणि छापावीतच. पण मूठभर जळक्या सातूचे चित्र कोण छापणार? रथाने राजाचे वैभव कळेल. घरी काय शिजले ते सातूच सांगेल.

जगात हे ज्यांना उमगले त्यांनी पैसा बाजूला काढला. शिकागोचे रॉबर्ट ब्रेडवूड आणि त्यांच्या पत्नी लिंडा ब्रेडवूड यांनी इराकच्या डोंगराळ भागात जार्मो येथे, शेती पहिल्याने कशी सुरू झाली हे शोधले. १९५४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने त्यांना अनुदान दिले. म्हणून त्यांना वनस्पती ओळखणारा, जनावरांची हाडे ओळखणारा आणि भूगर्भ जाणणारा असे तिघे निराळे शास्त्रज्ञ बरोबर नेता आले. इंग्लंडात ब्रिटिश अकॅडमीने १९६७ साली शेतीच्या आरंभाचा शोध घेण्यासाठी केंब्रिजला एक मोठी योजनाच चालवावयास दिली. ती एरिक हिग्ज यांच्याकडे होती.

आणि आपल्याकडे? ज्या डेक्कन कॉलेजाने हे काम केले त्याचीच कथा ऐका. येरवड्याची त्याची इमारत उभी राहिली ती सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीची मोठी भर पडून. पुढे १९३४ साली तेव्हाच्या मुंबई सरकारने पैशाची अडचण सांगून ते कॉलेज बंद केले. दारे लागली. परंतु तेथे शिकलेली जुनी मंडळी गप्प बसली नाहीत. देणगी विद्येसाठी दिलेली आहे, ती विद्येसाठीच वापरली पाहिजे, म्हणून ते कोर्टात गेले. अखेर १९३९ साली तीच वास्तू संशोधनाची संस्था म्हणून उघडली. त्याच वर्षी तेथे डॉ. सांकलिया आले आणि आपल्या इरावतीबाई कर्वेही आल्या. दोघांनी मिळून गुजरातेत लांघणजला आदिमानवाच्या वस्तीचे उत्खनन केले. त्या जुन्या विद्यार्थ्यांनी हातपाय गाळले असते, तर ही संस्था नसती, इनामगावचे उत्खनन कुणी केले असते कोण जाणे, आणि घोड नदीकाठची ती दळणारी बाई आपल्याला कधीच भेटली नसती. दिलेला पैसा तर मोलाचाच. पण दिलेल्या पैशाची राखण करणारी माणसेही तितकीच मोलाची.

मागच्या बैठकीत हा विषय मी काढला, तेव्हा आपल्या एका जाणत्या काकूंनी मला सरळ विचारले, “अगं, जित्याजागत्या माणसाला दोन वेळचं मिळत नाही, आणि मेलेल्यांनी काय खाल्लं ते शोधायला पैसे द्यायचे?” प्रश्न खरा आहे. त्याला उडवाउडवीचे उत्तर देणे बरे नव्हे.

माझे म्हणणे असे. आपण अडल्या-नडल्या घरी जे धान्य देतो त्यातला एक दाणाही कमी करू नये. पण मेलेल्यांचे जेवण शोधणे हे जिवंतांच्याच कामाचे आहे. १९७२ चा दुष्काळ आठवणाऱ्या सासवा अजून आपल्या घरांत आहेत. त्या सांगतात, खडी फोडली, पाझर तलावाची माती वाहिली, सरकारने दिलेली सुकडी आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाल्ली. ज्या वर्षांत त्या घाम गाळीत होत्या, त्याच वर्षांत इनामगावला जुन्या दुष्काळाची पाने मातीतून वाचली जात होती. पाणी अडवणारे, धान्य साठवणारे गाव काय सोसू शकते आणि कुठे मोडते, हे तेथे दिसते. कुळीथ, सातू यांसारखे कमी पाण्यावर येणारे धान्य आपल्या मुलखात किती जुने आहे तेही दिसते. २०२३ साल संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्याचे वर्ष म्हणून पाळले, आणि तशी मागणी भारतानेच केली होती. ज्वारी-बाजरी मूळ आफ्रिकेतली, ती फार प्राचीन काळी इकडे आली, हेही अशाच जळक्या दाण्यांवरून ठरले. आपण काय पेरावे याचा विचार करताना पूर्वजांनी काय पेरले ते ठाऊक असणे वाईट नाही.

दुसरे असे की हा शोध संपलेला नाही. हरियाणात फरमाणा येथे डेक्कन कॉलेजच्या डॉ. वसंत शिंदे यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले. तेथील मडक्यांना आणि दातांना चिकटलेल्या अन्नकणांचा अभ्यास अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर यांनी केला. त्यांत हळद आणि आले मिळाले! चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची हळद. हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. एक बाई भिंगाला डोळा लावून बसते आणि दुसऱ्या बाईच्या मडक्यातील हळद तिला चार हजार वर्षांनी सापडते, याहून मोठी ओटी कोणती? परंतु मडके घासून धुऊन कपाटात मांडले असते, तर ही हळद नळाच्या पाण्याबरोबर गेली असती. म्हणून न धुता जपणे, थांबणे, तपासणे याला पैसा लागतो.

तिसरी गोष्ट आपल्या दारची. आपल्या ओढ्याकाठी पांढरीचे टेकाड आहे. उन्हाळ्यात तेथून ट्रॉल्या भरून माती शेतात जाते. तेथे लाल खापरे पडलेली मी पाहिली आहेत. ती किती जुनी हे जाणकाराने पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. पण टेकाड उरले तरच कुणी पाहील ना? तेथे जर कुणाची कणगी जळलेली असेल, तर ती फक्त एकदाच वाचता येते. नांगर फिरला की पाने विस्कटली.

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत मी तीन गोष्टींचा ठराव मांडणार आहे. पहिली, वार्षिकोत्सवाच्या शिलकीतून दरवर्षी काही रक्कम संशोधनासाठी राखावी, आणि ती खणण्यासाठी नव्हे, चाळण्या-निवडण्यासाठी खर्चावी असे देताना लिहून द्यावे. रक्कम लहान असेल, त्याची लाज नको. दुसरी, टेकाडाची माती नेऊ नये म्हणून आपण ग्रामपंचायतीला अर्ज द्यावा आणि पुरातत्त्व खात्याला पत्राने कळवावे. तिसरीला पैसाच लागत नाही. आपल्या घरांतल्या वृद्ध बायांकडून कणगी कशी लिंपायची, पेव कसे भरायचे, कडुलिंबाचा पाला आणि राख किती घालायची, कुळीथ कसा साठवायचा, हे एका वहीत उतरवून घ्यावे. उद्याच्या संशोधकाला ती वही कामी येईल. आणि त्या वृद्ध बायांनाही कळेल की आपण जे जन्मभर केले ती विद्याच होती.

माझे एकशे एक रुपये मी खजिनदारबाईंकडे दिले आहेत, पावती घेतली आहे. काकूंनी ठरावाला विरोध करायचे ठरवले असेल तर अवश्य करावा. सभा त्यासाठीच असते. पण वहीचे पहिले पान त्यांच्याकडूनच लिहून घ्यायचे मी मनात ठेवले आहे, कारण धान्य राखण्यात त्यांचा हात धरणारी बाई आपल्या मंडळात दुसरी नाही.